बत्तीसचा पाइप, तीसचा बेंड आणि हरवलेले बारा मिलिमीटर

बीमच्या तोंडावर सॅडलखालचा, म्हणजे पाइप धरून ठेवणाऱ्या पट्टीखालचा, स्पेसर सरकेना, तिथून हे प्रकरण सुरू झालं. स्पेसर १४ मिमीचा आणि पाइप आणि बीम यांच्यात फट जेमतेम २ मिमीची. माझ्या हाताखालचा पोरगा शिडीवर उभा राहून स्पेसर उलटासुलटा करून बघत होता, जणू उलटा केला की पातळ होईल, आणि मी खाली उभा राहून टेपला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. टेपची काहीच चूक नव्हती हे नंतर कळलं.

आधी काम काय होतं ते सांगतो. पॅनेलपासून मशीनपर्यंत तीन पाइप शेजारी शेजारी न्यायचे होते, जाड स्टीलचा कंड्युट, म्हणजे आतून वायर न्यायचा पाइप, बाहेरून ३२ मिमी, दोन्ही टोकांना आटे, ३ मीटरच्या नळ्या. पॅनेलच्या डोक्यातून निघून भिंतीला धरून वर जायचं, वाटेत काँक्रीटचा बीम भिंतीच्या २०० मिमी पुढे आलेला, त्याच्या खाली ३० अंशाचा ऑफसेट (एकमेकांच्या उलट दोन सारखे बेंड) मारून पाइप बाहेर काढायचा, बीमच्या तोंडावरून वर न्यायचा, मग ९० मारून छताखालून आडवं मशीनपर्यंत आणि तिथं अजून एक ९० मारून खाली बॉक्समध्ये उतरायचं. ऑफसेटचे दोन तीस म्हणजे साठ आणि वर दोन नव्वद, एकूण २४०. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडात दोन पुल बॉक्सच्या (वायर ओढायच्या डब्यांच्या) मध्ये जास्तीत जास्त ३६० अंशांचे बेंड चालतात, म्हणजे चार नव्वद, आपण त्याच्या बरेच खाली होतो म्हणून वायर ओढायची काळजी नव्हती. डोक्याला ताप दुसरीकडेच होता.

बेंडर मेकॅनिकल, चाकांच्या स्टँडवरचा, रॅचेटवाला. ज्यांनी वापरला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, यात एक खाचवाला शू असतो, चाकाचा तुकडा म्हणा, पाइप त्या खाचेत बसतो, पुढचं टोक हुकात अडकतं, मागून रोलर किंवा पट्टी पाइपला दाबून धरते आणि लांब हँडल ओढत गेलं की रॅचेटच्या एकेक दातावर शू फिरत जातो आणि पाइप त्याच्याभोवती गुंडाळला जातो. शूच्या बाजूला अंशांची तबकडी आणि एक पॉइंटर. पायानं दाबायच्या साध्या हँड बेंडरवर एवढा जाड पाइप घेतला तर पाइपाआधी आपली कंबर वाकते, म्हणून हा. आणि हो, हँडलच्या रेषेत तोंड ठेवून उभं राहायचं नाही, दातावरून खटका सुटला की ते हँडल ओळख दाखवत नाही.

ऑफसेटचा हिशेब सोपा. ३० अंशाला गुणक २, कारण ३० चा साइन अर्धा. २०० मिमी बाहेर जायचंय तर दोन खुणांमधलं अंतर ४०० मिमी. पाइप तिरका जातो म्हणून उभ्या लांबीत साधारण ५० मिमी खातो तेवढे आधीच धरायचे. खुणा मी स्वतः मारल्या, पोरानं वाकवला, पॉइंटर ३० वर आणून थांबला, पाइप पुढे सरकवला, उलटा केला, पुन्हा ३०. पाइप जमिनीवर ठेवून लेव्हल लावली तर दोन्ही पाय एकमेकांना एकदम समांतर. मी म्हटलं वा. आणि त्या वा च्या भरात ऑफसेटची खोली, म्हणजे पाइप किती बाहेर आला ते, न मोजताच म्हटलं की आता तोच हिशेब आहे तर दुसरा पण वाकवून टाक, आणि दुसरा पण वाकवून झाला. इथं मी चुकलो. समांतर आहे याचा अर्थ एवढाच की दोन्ही बेंड सारखे आहेत. दोन्ही सारखेच चुकलेले असले तरी लेव्हल तेच सांगणार.

शिडीवर चढवल्यावर कळलं की पाइप २०० च्या ऐवजी १८८ च बाहेर आलाय. भिंतीपाशी पाइपखाली १४ चा स्पेसर होता, बीमपाशी पण तेवढाच हवा होता आणि त्यातले १२ गायब.

साहेब तिथंच होते, ते म्हणाले अहो स्पेसर काढून टाका की, पाइप बीमला टेकवा, कोण बघतंय. बघणारे सगळेच बघतात साहेब, तीन पाइप शेजारी चाललेत आणि ऑफसेटनंतर भिंतीपासूनचं अंतर बदललं तर आंधळ्यालाही दिसेल, शिवाय काँक्रीटला चिकटलेल्या पाइपामागे ओल धरते आणि गंज तिथूनच चालू होतो. दुसरा उपाय त्यांनीच सुचवला की बीमखाली अजून एक छोटा ऑफसेट मारून १२ मिमी बाहेर काढा. अंशांच्या हिशेबात बसलं असतं ते, पण नीट मारलेल्या ऑफसेटच्या डोक्यावर ते टेंगूळ आयुष्यभर दिसत राहिलं असतं. नाही म्हटलं.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते पण प्रकरण पूर्ण सांगायचं म्हटल्यावर सांगितलंच पाहिजे. म्हटलं बेंड जरा कमी पडलेत ना, मग तोच पाइप पुन्हा शूमध्ये घालू आणि दोन्ही बेंड थोडे थोडे वाढवू. कमी वाकलेला पाइप वाढवता येतो, जास्त वाकलेला उघडणं त्याहून कठीण, हे खरंच आहे, फक्त शर्त अशी की पाइप शूमध्ये त्याच जागी आणि त्याच कोनात फिरवून बसला पाहिजे. मी घाईत तो नजरेनं बसवला. पहिला बेंड वाढवला, उलटा केला, दुसरा वाढवला, खोली मोजली तर १९९, खुश झालो, आणि मग एका टोकाकडून डोळा लावून बघितलं तर लांबचा पाय बाजूला गेलेला. डॉग लेग. कुत्र्याच्या पायासारखा. उलटा करताना पाइप स्वतःभोवती थोडासा फिरला होता, फार नाही, ३ अंशच असेल, पण ३० च्या बेंडवर ३ अंश फिरलं की पुढचा पाय दीड अंश बाजूला जातो आणि पुढे १२०० मिमी पाइप आहे म्हणजे टोकाला ३० मिमी फरक. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

पोरगा हळूच म्हणाला, "दादा, दुसरा अजून तसाच आहे, त्याला हात नका लावू."

बरोबर बोलला. तो दुसरा पाइप पुरावा म्हणून बाजूला ठेवला आणि मग जरा बसून विचार केला, जो सकाळीच करायला हवा होता.

खुणा पुन्हा मोजल्या, ४०० बरोबर. खुणा बरोबर आणि खोली कमी म्हणजे कोन कमी, दुसरं काही असूच शकत नाही. १८८ भागिले ४०० म्हणजे ०.४७ आणि ०.४७ हा २८ अंशाचा साइन. मॅग्नेटवाला अँगल गेज पाइपच्या एका पायाला लावून झिरो केला, तिरक्या भागावर ठेवला, २८. पॉइंटर ३० म्हणत होता आणि पाइप २८ म्हणत होता.

पोरगा म्हणाला स्प्रिंगबॅक. बरोबरच आहे, पाइप वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, त्यातला बराचसा भाग कायमचा बसतो पण थोडा रबरासारखा परत यायला बघतो, आणि जोर सोडला की पाइप तेवढा उघडतो. आता हे उघडणं बेंडच्या प्रत्येक सेंटिमीटरमध्ये थोडं थोडं होतं, म्हणजे बेंड जेवढा मोठा तेवढं उघडणं जास्त. ३० ला २ उघडला तर ९० ला तिप्पट, ६ उघडायला पाहिजे. तपासून बघायला काय जातंय म्हणून त्याच लॉटमधल्या एका पाइपचा १ मीटरचा तुकडा कापला, शूमध्ये घातला आणि पॉइंटर ९० वर नेऊन सोडला. माझ्या हिशेबानं ८४ यायला हवा होता.

आला ८६. आधी गुण्या लावून बघितला, ३०० मिमीवर २१ मिमीची फट, म्हणजे ४ अंश कमी, मग गेजनं पण तेच सांगितलं.

हे मला खटकलं. ६ नाही, ४. म्हणजे नुसता स्प्रिंगबॅक नाही. आणि प्रत्येक बेंडला ठरावीकच कमी येतो म्हणावं, पॉइंटर वाकलाय किंवा तबकडी सरकलीय म्हणावं, तर दोन्हीकडे सारखाच आकडा यायला हवा होता, तसंही नाही. ३० ला २ आणि ९० ला ४. बराच वेळ तबकडीकडे बघत बसलो. मग लक्षात आलं की ही दोन वेगवेगळी भुतं आहेत. एक भूत प्रत्येक वेळी ठरावीक १ अंश खातं, बेंड कितीही असो, आणि दुसरं बेंडच्या प्रमाणात खातं, ३० ला १, ९० ला ३. बेरीज केली की २ आणि ४, तंतोतंत. तसं असेल तर ४५ ला दीड अधिक एक म्हणजे अडीच कमी यायला पाहिजे. अजून एक तुकडा गेला, पॉइंटर ४५ वर, गेजवर ४२.४. पोरानं टाळीच वाजवली, मला पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

प्रमाणात खाणारं भूत म्हणजे स्प्रिंगबॅक, ते पाइपचं. ठरावीक एक अंशाचं भूत बेंडरचं, आणि ते सापडलं ते असं. न वाकवलेला तुकडा शूमध्ये घातला, हुकात अडकवला, पॉइंटर झिरोवर केला आणि हँडल एकदम सावकाश, दोन बोटांनी म्हणावं इतक्या हलक्यानं ओढत गेलो आणि पोराला सांगितलं पाइपचं मागचं टोक बघ, हललं की ओरड. पॉइंटर हलला, अर्ध्यावर आला, एकवर आला, आणि तेव्हा कुठं पोरगा ओरडला. म्हणजे पहिला एक अंश पाइप वाकतच नव्हता, हुक आणि पाइपमधली जागा भरत होती, पिन आपल्या भोकात सरकत होती, रॅचेटचा दात नीट बसत होता. बेंडर जुना, हुक झिजलेला, ढिलाई असणारच, आणि आम्ही रोज पाइप सैल ठेवून झिरो करत होतो.

उपाय दोन मिनिटांचा. पाइप बसवायचा, हँडलनं एवढा ताण द्यायचा की सगळी ढिलाई संपेल पण पाइप वाकणार नाही, आणि तिथं पॉइंटर झिरो करायचा. त्यानंतर फक्त स्प्रिंगबॅक उरतो, तो या पाइपला शंभराला सुमारे ३.३, म्हणजे ३० हवा असेल तर ३१ वर थांबायचं आणि ९० हवा असेल तर ९३ वर. हे आकडे माझ्या बेंडरचे आणि त्या लॉटच्या पाइपचे आहेत, तुम्ही उचलून नेऊ नका, तुमचा पाइप जाड असेल, स्टील वेगळं असेल, शू वेगळा असेल, आकडे बदलणारच.

कोनाचं असं निस्तरलं, पण वरच्या ९० चं अजून एक लचांड निघालं.

पोरानं त्याच सकाळी एका ९० साठी पण एक नळी वाकवून ठेवली होती. टोकापासून बेंडच्या पाठीपर्यंत उंची ४५० हवी होती. त्यानं शूवर कोरलेला रेडियस वाचला, १५०, आणि ४५० मधून १५० वजा करून ३०० वर खूण केली, ती हुकाच्या खुणेला लावली आणि वाकवली. त्या नळीचा कोन कमी होता तो मी नीट ९० करून घेतला (या वेळी शूमध्ये नीट बसवून, शिकतो माणूस) आणि उंची मोजली तर ४७२. २२ मिमी जास्त.

तो म्हणाला, दादा मी तर रेडियस वजा केला. अरे बाळा, रेडियस पाइपच्या मधल्या रेषेपर्यंतचा आहे, आणि आपण उंची मोजतो पाइपच्या पाठीपर्यंत, म्हणजे अर्ध्या पाइपची जाडी आली वर, ३२ चा अर्धा १६. १५० अधिक १६ झाले १६६. उरलेले ६? ते असे की या बेंडरवर हुकाची खूण आणि बेंड खरा चालू होतो ती जागा एक नाही, थोडं पुढेमागे आहे. हे ६ तुम्हाला कुठल्या कागदावर सापडणार नाहीत, फक्त वाकवून मोजूनच सापडतात. म्हणून या बेंडरची वजावट १७२. बेंडरच्या डब्यात एक जुना तक्ता पण होता, पण तो पातळ पाइपच्या दुसऱ्या शूचा, बाहेरचा व्यास वेगळा, रेडियस वेगळा, तो इथं लावला असता तर अजूनच गोंधळ.

तुम्ही म्हणाल २२ मिमीनं काय बिघडतं, वरून कापून टाका. पातळ पाइपला कापून टाकता येतं, स्क्रू लावला की झालं. जाड आट्याच्या पाइपला कापलं की आटे गेले, नवे पाडायला डायला सरळ लांबी लागते, बेंडच्या जवळ डाय बसतच नाही. आणि आटे पडले तरी कपलिंगमध्ये घालायला पाइप फिरवावा लागतो, वाकलेला पाइप बीम आणि छताच्या मध्ये कसा फिरवणार, तो पंख्यासारखा फिरायला बघतो आणि भिंत आडवी येते. मग तीन तुकड्यांचं युनियन लावा, खर्च वाढवा. म्हणून या पाइपला लांबी आधी कागदावर आणि मग करवतीवर.

लांबीसाठी अजून एक आकडा काढून ठेवला, तो म्हणजे बेंड किती पाइप वाचवतो. ९० चा बेंड कोपरा कापून जातो म्हणून दोन्ही पायांची बेरीज सरळ पाइपपेक्षा जास्त भरते. १ मीटरचा तो ८६ वाला तुकडा नीट ९० करून मोजला, दोन्ही पाय पाठीपर्यंत मोजून बेरीज १०९६. म्हणजे एक ९० म्हणजे ९६ मिमी फायदा. गणितानंही तेवढंच येतं, दोन वेळा १६६ म्हणजे ३३२ आणि त्यातून कमानीची लांबी २३६ वजा. गणित आणि लोखंड एकच आकडा सांगतात तेव्हा जिवाला जी शांतता मिळते ती वेगळीच.

मग तिन्ही पाइप नव्यानं केले. या वेळी खुणा मारायच्या आधी अँगलचा तुकडा पाइपच्या पाठीवर पालथा ठेवला आणि त्याच्या कडेनं मार्करनं टोकापासून टोकापर्यंत एक सरळ रेघ मारली. गोल पाइपवर अँगल आपोआप सरळ बसतो, रेघ वाकडी होऊच शकत नाही. पहिल्या बेंडला रेघ शूच्या बरोबर वर दिसली पाहिजे, उलटा केल्यावर रेघ बरोबर खाली, आणि शिवाय पहिल्या बेंडच्या तिरक्या पायावर लेव्हल ठेवायची. दोन्ही जुळलं तरच हँडलला हात. वेल्डची शिवण बाजूला ठेवली, बेंडच्या पाठीवर नाही आणि पोटातही नाही, बाजूला ताण सगळ्यात कमी असतो.

पहिला ऑफसेट ३१ वर थांबवला, सोडला, गेज लावला, ३०. खोली २०१. पोरगा म्हणाला एक मिमी जास्त आहे. म्हटलं तो एक मिमी राहू दे आपल्या दोघांत.

छताखालच्या ९० ला अजून एक गोष्ट झाली, ती चूक नाही पण साहेबांना वाटली. तीन पाइप शेजारी, मध्यापासून मध्यापर्यंत ६० मिमी, आणि तिघांनाही एकाच शूचा बेंड. सरळ भागात अंतर ६० आणि कोपऱ्यात तिरकं मोजलं तर ८५. साहेब म्हणाले कोपऱ्यात फाकलेत. फाकणारच, एकाच मापाची तीन वळणं एकात एक बसत नाहीत, बसवायची तर प्रत्येकाला वेगळा रेडियस लागेल आणि या बेंडरला तो येत नाही. त्यांना वहीवर काढून दाखवलं, मानेनं हो म्हणाले, पटलं का ते माहीत नाही.

पाइप चढवायच्या आधी कापलेल्या टोकांची आतली धार रीमरनं काढली, हे काम कंटाळवाणं आहे पण वायरचं इन्सुलेशन तिथंच सोललं जातं म्हणून पोराला प्रत्येक टोकात बोट फिरवून बघायला लावलं. बीमवर स्पेसर बसला, न ठोकता. दुसऱ्या दिवशी दोरी घातली, वायर ओढल्या, एका माणसानं ढकलल्या आणि एकानं ओढल्या, अडकल्या नाहीत.

बेंडरच्या स्टँडवर पोरानं पांढऱ्या रंगानं चार आकडे लिहून ठेवलेत, ३१, ९३, १७२, ९६, आणि खाली कंसात ताण देऊन झिरो. पुढच्या कामाला पाइपचा नवा लॉट आला तेव्हा त्यानं न सांगता आधी एक तुकडा वाकवला आणि ९३ खोडून ९२ केलं. डॉग लेगवाल्या पाइपचे सरळ भाग कापून निपल, म्हणजे आट्यांचे छोटे जोडतुकडे, केले. तो दुसरा, १८८ वाला, अजून कोपऱ्यात उभा आहे, एकदम समांतर, एकदम सुबक, आणि भिंतीपुढे बरोबर १८८ मिमी आलेला बीम मला अजून कुठं भेटलेला नाही.